चहा-कॉफीने नेम चुकतो काय? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. २०१० साली तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) रायफलमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसहून ऑलिम्पिकचे कांस्यपदक आणले. त्यानंतर रेंजवर जागा मिळवण्यासाठी मुलांना रांग लावावी लागते. या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश सतत फिरत आहे. त्याचा आशय असा, की कॅफीन हा नेमबाजाचा आणि तिरंदाजाचा शत्रू आहे. त्यावर ऑलिम्पिकमध्ये बंदी आहे. एका कपानेही हृदयाचे ठोके वाढतात आणि हात थरथरतो. शिकारी माणसे म्हणूनच बंदूक हातात घेण्याआधी चहा-कॉफीला शिवत नसत. आणि म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळपासून चहा-कॉफी पूर्णपणे बंद करावी. मी औषधशास्त्र शिकवतो आणि माझी मुलगी दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धांत उतरते. या संदेशातील शेवटच्या सल्ल्याची किंमत तिने मोजली आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बंदीचा दावा प्रथम निकाली काढतो, कारण तो सरळ चुकीचा आहे. पूर्वी लघवीत कॅफीनचे प्रमाण दर मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास खेळाडू दोषी ठरत असे, परंतु १ जानेवारी २००४ पासून कॅफीन बंदीच्या यादीतून वगळले गेले. खेळाडूंमधील त्याच्या वापरावर 'वाडा' ही उत्तेजकविरोधी जागतिक संस्था केवळ लक्ष ठेवते. नेमबाजीत आणि तिरंदाजीत बंदी आहे ती बीटा-ब्लॉकर या औषधांवर, जी ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी करतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचे पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू यांना प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर घेतल्याबद्दल रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदके परत करावी लागली.

याच उदाहरणावरून संदेश लिहिणाऱ्याने पुढचा तर्क केला असावा: ठोके मंदावणारे औषध नेम सुधारते, तर ठोके वाढवणारे पेय तो बिघडवणारच. या तर्कात तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्याने प्रोन स्थितीत रायफल धरली आहे, त्याला डाव्या दंडावरचा पट्टा घट्ट आवळल्यावर दंडातील रक्तवाहिनीचा ठोका पट्ट्यातून रायफलीत उतरताना आणि प्रत्येक ठोक्याला पुढच्या साइटने (नळीच्या टोकावरच्या, नेम धरण्याच्या खुणेने) हलकी उडी घेताना दिसलेली असते. कोच मग पट्टा थोडा वर-खाली सरकवायला सांगतात किंवा जॅकेटच्या आत जाड कापड घालायला लावतात. अनुभवी नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या शांत क्षणात ट्रिगर दाबतात, असेही अभ्यासांत आढळले आहे. तेव्हा ठोक्याचे महत्त्व कोणीच नाकारत नाही. मात्र रोज चहा पिणाऱ्या माणसाच्या ठोक्यांवर एका कपाचा परिणाम फारच थोडा असतो, कारण शरीराला त्या मात्रेची सवय झालेली असते. फायनलमध्ये आपले नाव पुकारले गेल्यावर छातीत जे होते, त्याच्यापुढे चहाचा वाटा नगण्य आहे, आणि त्यावरचा उपाय श्वासाच्या आणि सामन्याच्या सरावात आहे.

हाताच्या कंपाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. प्रत्येक निरोगी माणसाच्या हाताला सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होणारा सूक्ष्म कंप असतो. कॅफीन तो वाढवू शकते, विशेषतः मात्रा मोठी असेल आणि घेणाऱ्याला सवय नसेल तेव्हा. हात स्थिर ठेवण्याच्या चाचण्यांत हे दिसून आले आहे. एअर रायफलमध्ये याची किंमत किती, ते साध्या गणिताने कळते. मागची आणि पुढची साइट यांत सुमारे ८० सेंटीमीटर अंतर धरले आणि पुढची साइट एक दशांश मिलिमीटर ढळली, तर दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो, म्हणजे लक्ष्यावरच्या दोन वर्तुळांमधले निम्मे अंतर, अर्धी रिंग, जाते. रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. रिकर्व्ह, म्हणजे ऑलिम्पिकमधल्या धनुष्याच्या, तिरंदाजाचा हिशेब वेगळा आहे. सत्तर मीटरवरच्या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचे असते, त्यामुळे डोळ्यापासून हातभर दूर असलेल्या साइटला दीड मिलिमीटरची जागा मिळते; पण तो एकीकडे वीस-बावीस किलोचा ताण पाठीवर पेलत असतो, आणि क्लिकर (बाण पूर्ण ओढला गेल्याचा आवाज देणारी पट्टी) वाजायला उशीर झाला की थकलेल्या स्नायूंचा कंप चहाच्या कंपाला केव्हाच मागे टाकतो.

म्हणून 'कॅफीनने हात थरथरतो' हे विधान मात्रा, सवय आणि खेळाचा प्रकार सांगितल्याशिवाय अर्धेच राहते. आपल्याकडच्या चहाच्या एका कपात ढोबळमानाने ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते, इन्स्टंट कॉफीच्या कपात साठच्या आसपास आणि फिल्टर कॉफीच्या मोठ्या मगात शंभर किंवा अधिक. चहाच्या गाड्यावरचे कटिंग आणि रिकाम्या पोटी घेतलेली दोन मग कॉफी यांना एकाच तागडीत घालणारा सल्ला उपयोगाचा नाही. प्रत्यक्ष नेमबाजीवरील प्रयोगही हेच सुचवतात. डबल ट्रॅपच्या अव्वल नेमबाजांना वजनाच्या दर किलोमागे २ आणि ४ मिलिग्रॅम कॅफीन देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या अचूकतेत ना वाढ झाली ना घट. हलत्या तबकड्या टिपणाऱ्यांवरचा हा निष्कर्ष एअर रायफलला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण 'एका कपाने नेम गेला' या दाव्याला तो आधार देत नाही, एवढे निश्चित.

शिकाऱ्यांचा दाखला संदेशात सर्वांत जास्त ठळक अक्षरांत आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ज्या दाजीपूरच्या रानात संस्थानिकांच्या शिकारी होत असत, तिथे आज अभयारण्य आहे. कोल्हापूर संस्थानाची जी शिकार विशेष प्रसिद्ध होती, ती पाळलेल्या चित्त्यांकडून होत असे, त्यामुळे नेमाच्या सल्ल्याला तिचा आधार घेण्यात अर्थ नाही. जिथे शिकार आजही कायदेशीर आहे, तिथल्या शिकाऱ्याचे काम आपल्या रेंजवरच्या कामाहून वेगळे असते. पहाटेच्या थंडीत झाडावर तासन्‌तास बसून राहायचे, झोपेला आवरायचे, झुडपामागची हालचाल वेळेत टिपायची आणि तिथे जनावर आहे की माणूस याची खात्री केल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचे नाही, हे त्याचे खरे काम. पेंगुळलेल्या माणसाच्या हातातील भरलेली बंदूक आसपासच्या सर्वांना धोकादायक असते. अमेरिकी नौदलाच्या विशेष दलातील प्रशिक्षणार्थींना ७२ तास झोपेपासून वंचित ठेवल्यावर १०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन देऊन नेमबाजी तपासली गेली, तेव्हा लक्ष्यावर नेम धरण्याचा वेळ कमी झाला आणि अचूकता बिघडली नाही. कॅफीन मेंदूतील ॲडिनोसिनची, म्हणजे झोपेची जाणीव करून देणाऱ्या रसायनाची, जागा अडवून बसते, आणि ताटकळत जागे राहणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. दहा मीटरच्या रेंजवर पूर्ण झोप घेऊन आलेल्या मुलीला मात्र हा लाभ जवळजवळ शून्य असतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

आता शेवटचा सल्ला, जो सर्वांत निरुपद्रवी वाटतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. रोज सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा, घेणाऱ्या माणसाने कॅफीन अचानक थांबवले, तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, सुस्ती येते, चिडचिड होते आणि लक्ष लागत नाही. हा त्रास पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि आठवडाभरही रेंगाळू शकतो. आदल्या दिवशी सकाळी चहा सोडला, म्हणजे हा त्रास नेमका सामन्याच्या वेळेवर आणून ठेवला. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी एकेक कप घेते. हा संदेश वाचून तिने एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकही कप घेतला नाही. पहिल्या दोन सिरीज (दहा-दहा शॉट्सचे टप्पे) नेहमीसारख्या गेल्या. तिसऱ्या सिरीजमध्ये तिने रायफल स्टँडवर ठेवली, कपाळावरची पट्टी वर सरकवली आणि दोन बोटांनी कानशील दाबून धरले. काचेमागून मला तेवढे दिसले. पुढच्या वीस शॉट्सना तिने एरवीच्या दीडपट वेळ घेतला आणि शेवटची सिरीज घड्याळाकडे पाहत उरकली. हात मुळीच थरथरत नव्हता, पण काळे वर्तुळ साइटमध्ये नीट बसले आहे की नाही हेच ठरवता येत नव्हते, असे तिने नंतर सांगितले.

संदेशातील एका काळजीशी मी पूर्ण सहमत आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना 'फ्रेश वाटावे' म्हणून सामन्यापूर्वी एनर्जी ड्रिंक पाजणारे पालक मी पाहिले आहेत. त्या डब्यावरच मुलांसाठी नसल्याची सूचना छापलेली असते. युरोपातील अन्नसुरक्षा तज्ज्ञांच्या मते मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ही चिंता न करण्याजोगी मर्यादा आहे. चाळीस किलोच्या मुलासाठी ती १२० मिलिग्रॅम होते, आणि एक डबा व दोन कप चहा मिळून ती ओलांडली जाते. ज्या मुलाने कधी चहा घेतलेला नाही, त्याला सामन्याच्या दिवशी तो सुरू करून देणे हेही सवयीचा कप हिरावून घेण्याइतकेच अविचाराचे आहे.

आमच्या घरी आता स्कोअरच्या वहीत एक रकाना वाढला आहे: चहा किती वाजता, किती. कॅफीनचे रक्तातील प्रमाण बहुधा अर्ध्या ते एका तासात सर्वोच्च होते आणि ते निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणून सामना सकाळी नऊचा असेल तर सरावातही नऊलाच उभे राहून, सव्वासातचा नेहमीचा कप घेऊन नोंदी केल्या. संध्याकाळचा कप स्पर्धेच्या आदल्या रात्री लवकर घेतला जातो, कारण झोप बिघडली तर दुसऱ्या दिवशी ती कशानेच भरून निघत नाही. ज्यांच्या मुलांची स्पर्धा पुढच्या आठवड्यावर आली आहे, त्यांनी या घडीला काहीही बदलू नये. ज्याला चहा सोडायचाच आहे, त्याने हंगाम संपल्यावर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत जावे.