पितळेचं पातेलं माळ्यावरच राहू द्या

"तुम्ही रोज तुमच्या मुलांना विष देताय" अशी सुरुवात, मध्ये सात सल्ले, शेवटी हात जोडलेले आणि "किमान दहा आयांपर्यंत पोचवा" ही विनंती. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांचे ग्रुप, तिथून नवी मुंबईतल्या नेरूळ-वाशीकडच्या शाळांचे पालक-ग्रुप, असा हा मेसेज सध्या फिरतोय. एरवी वाचून सोडून दिला असता. पण तो भाचीच्या घरी पोचला. तिचं बाळ सात महिन्यांचं आहे आणि मेसेज वाचून तिच्याकडे माळ्यावरचं पितळेचं पातेलं खाली उतरलं, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सात सल्ले थोडक्यात असे. एक, अॅल्युमिनियमचा कुकर बंद करा, त्यात ८७ टक्के पोषण मरतं, मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवा. दोन, मळलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवू नका, ती पिंडासमान असते. तीन, बाळाला वर्षभर वरणाचं पाणी आणि भाताची पेज पुरे, घट्ट दिलं तर पोट बिघडतं. चार, रोज मध चाटवा. पाच, आयोडीनचं मीठ टाकून द्या, सैंधव आणा. सहा, मायक्रोवेव्ह घराबाहेर काढा. सात, बाळाचं दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवा आणि त्यातच ठेवा, कारण "पूर्वीची मुलं उगाच धट्टीकट्टी नव्हती".

शेवटचा सल्ला आधी घेऊ. बाकीच्यांपैकी निम्म्यांनी फार तर वेळ फुकट जाईल, याने यकृत जाईल.

पूर्वीची मुलं म्हणजे नेमकी कुठली? इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस नावाचा यकृताचा एक आजार आपल्याकडे होता. साधारण सहा महिने ते पाच वर्षं वयाची मुलं. आधी किरकिर, खाणं कमी, मग फुगलेलं पोट, हाताला टणक लागणारं यकृत, पुढे कावीळ आणि पोटात पाणी. बहुतेक मुलं दगावत. त्यांच्या यकृतात तांबं अतोनात साठलेलं आढळायचं. ते येतं कुठून, याचा माग पुण्यात काढला गेला. डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांचा शोधनिबंध १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आजारी मुलांना कमी वयातच गाईम्हशीचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. म्हणजे मेसेज जे करायला सांगतोय, तंतोतंत तेच.

हे घडतं कसं, तेही कळलेलं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन भांड्याचं तांबं ओढून धरतं, आणि दूध जितकं जास्त वेळ भांड्यात तितकं तांबं जास्त. तान्ह्या बाळाच्या यकृतात तांबं मुळातच मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं आणि पित्तावाटे ते बाहेर टाकायची ताकद अजून कमी असते. त्यात दिवसातून चार वेळा वरून भर. सगळ्याच मुलांना आजार व्हायचा असं नाही, काहींच्या प्रकृतीतही कल असावा, हे अभ्यासकही मान्य करतात. पण घरोघरी स्टील आलं, पितळ माळ्यावर गेलं आणि आजार जवळपास दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही असाच आजार तांब्याच्या भांड्यांतल्या दुधामुळे होता. तिथेही भांडी बदलली आणि १९७४ नंतर नवे रुग्ण थांबले. आता कोणी ते पातेलं "परंपरा" म्हणून पुन्हा गॅसवर ठेवणार असेल तर गप्प कसं बसायचं?

"पण कल्हई असते ना!" असते, ताजी असेपर्यंत. खाली लागलेलं दूध कालथ्याने खरवडलं, तारेच्या घासणीने भांडं घासलं की ती उडते, आणि आधी उडते ती नेमकी तळाशी. आत पिवळसर किंवा तांबूस ठिपका दिसला तर ते पातेलं स्वयंपाकातून बाद. शिवाय कल्हईच्या कथिलात शिसं मिसळलेलं असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. शहरात कल्हईवाला सापडणं किती कठीण झालंय ते वेगळंच.

अर्धं खरं एवढंच, की मोठ्या माणसाने तांब्याच्या लोट्यातलं साधं पाणी प्यायला हरकत नाही. त्यात लिंबूपाणी, ताक, सोलकढी ठेवायची नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार-मार्गदर्शिकेत हे स्पष्ट आहे: चटणी, सांबार असे आंबट पदार्थ अॅल्युमिनियम, लोखंड, बिनकल्हईचं पितळ किंवा तांबं यांत साठवू नका. बाळाच्या दुधाला स्टीलचं पातेलं. आणि आईचं दूध चालू असताना वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध पोटभर पाजायची घाई तरी कशाला?

आता मध. "रोज चाटवा, प्रतिकारशक्ती वाढते." एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. बोटावर लावूनही नाही आणि बाळगुटीतही नाही. सहाणेवर हळकुंड, मुरडशेंग उगाळायची की नाही हा वाद नंतर घालू, पण ती मधात कालवायची नाही हे नक्की. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्या आतड्यात ती फौज तयार झालेली नसते, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठ, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मग रडणं क्षीण होतं, ओढून पिणं कमी होतं, पापण्या जड होतात, मान सैल पडते. इथपर्यंत आलं तर घरचे उपाय बंद करून थेट हॉस्पिटल गाठायचं.

यावर ठरलेली दोन उत्तरं येतात. "आमचा मध शुद्ध आहे, जंगलातला." बीजाणू मातीतून येतात, त्यांना शुद्ध-अशुद्ध कळत नाही. "मग गरम करून देऊ." उकळत्या पाण्याच्या तापमानाला ते मरत नाहीत, त्यामुळे शिऱ्यात घातला तरी तेच. तिसरं उत्तर "आमच्या वेळी दिला, काही झालं नाही" हे. प्रत्येक बाटलीत बीजाणू नसतात आणि आजारही दुर्मिळच, म्हणून काही झालं नाही. वर्षानंतरच्या मुलाला कोरड्या खोकल्यात चमचाभर मधाने आराम पडतो, हे मात्र खरं आहे. तेवढं मेसेजच्या खात्यात जमा करायला हरकत नाही.

मेसेजमधला तिसरा सल्ला, वर्षभर वरणाचं पाणी आणि पेज, दिसायला निरुपद्रवी, म्हणून तो सगळ्यात जास्त पाळला जातो. इथे थोडा हिशेब करू. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम मावतं. सात किलोचं बाळ म्हणजे जेमतेम २०० मिली. तेवढी जागा वरच्या निवळ पाण्याने भरली की बाळ तोंड फिरवतं, घरचे म्हणतात पोट भरलं, आणि डाळ राहते भांड्याच्या तळाशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात. वरणाच्या पाण्यातून त्या येत नाहीत.

येतात त्या अशा. दोन मोठे सपाट चमचे तांदूळ आणि एक मोठा सपाट चमचा सालं काढलेली मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. लाल भोपळ्याची किंवा गाजराची एक फोड, चिमूटभर हळद, साधारण २०० मिली पाणी. हे सगळं स्टीलच्या उंच डब्यात घालून रोजच्या वरणभाताच्या कुकरमध्येच ठेवा. डबा निम्म्याच्या वर भरला तर उतू जातं आणि कुकरच्या पाण्यात निम्मी खिचडी सापडते. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. वाफ जिरल्यावर चमच्याच्या पाठीने घोटा, वर एक छोटा चमचा तूप. मिक्सर नको. गुळगुळीत पातळ पिठलं खायची सवय लागली की दहाव्या महिन्यात साधी गुठळीही बाळ थुंकतं. चमचा तिरका केल्यावर खिचडी ओघळली नाही, तर ती बरोबर झाली. एवढ्यात दोन वेळचं होतं आणि कॅलरी २००च्या आसपास. मीठ-साखर वर्षापर्यंत नाही.

शिवाय लोह. जन्मावेळचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फारच थोडं. त्यामुळे चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून, काटे नीट काढलेला मऊ मासा, खिमा. दिवाळे गावच्या बाजारातून मांदेली आणाल तर ती मोठ्यांसाठी, बाळासाठी पापलेट किंवा रावस, कारण काटा काढणं सोपं. शाकाहारी घरात डाळीच्या खिचडीवर लिंबाचे चार थेंब पिळा, लोह जास्त शोषलं जातं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमातून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत विचारा. चहात बुडवलेली खारी मात्र बंद. चहातलं टॅनिन लोह अडवतं.

पहिला मुद्दा, कुकर. ८७ टक्के कशाचे? प्रथिनांचे, लोहाचे, की क जीवनसत्त्वाचे? मेसेज सांगत नाही. लोह, कॅल्शियम ही खनिजं उष्णतेने कुठे जात नाहीत. प्रथिनंही उडून जात नाहीत. क आणि काही ब जीवनसत्त्वं उष्णतेने घटतात, पण ती उघड्या पातेल्यातही घटतात. तिथे १०० अंशांवर पाऊण-एक तास, इथे सुमारे १२० अंशांवर दहा मिनिटं. वर उल्लेख केलेली पोषण संस्थेची मार्गदर्शिका तर उलटच सांगते: डाळी-कडधान्यांना उकळणं किंवा कुकर हीच चांगली पद्धत, कारण पचनात अडथळा आणणारे घटक त्याने नष्ट होतात. मात्र गरजेपेक्षा जास्त शिजवू नका, त्याने प्रथिनांचा कस कमी होतो, आणि डाळीत जिरेल एवढंच पाणी घाला.

एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवा, अडीच वाट्या पाणी, हिंग-हळद, थेंबभर तेल. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून आठ-दहा मिनिटं. शिट्ट्या मोजत बसू नका, आच मोठी ठेवली तर चार मिनिटांत पाच होतात आणि डाळ कच्ची राहते. डाळीला कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. राजम्याच्या बाबतीत तर मेसेजचा सल्ला धोक्याचा. मातीच्या भांड्यात मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन तसंच राहतं आणि पोरं उलट्या काढतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, मग कुकर. अॅल्युमिनियमच्या कुकरवरचा आक्षेप निम्मा मान्य: त्यात चिंच, कोकम, टोमॅटोची आमटी रात्रभर ठेवू नका. डाळ शिजली की काढून घ्या, आंबट नंतर कढईत.

सैंधव. आपल्याकडे थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे, आणि ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं लागतं. हे थायरॉइडसाठी आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी. बाळ मीठ खात नाही, पण दूध पाजणारी आई खाते आणि तिच्यामार्फत आयोडीन बाळाला मिळतं. त्यामुळे घरभर सैंधव सुरू केलं की कमी पडतं ते थेट बाळाला. "आपण खाडीकाठी राहतो" हेही कामाचं नाही, समुद्री मिठात आयोडीन नगण्यच असतं. उपासाच्या साबुदाण्याला घाला हवं तर.

मायक्रोवेव्हमधून अन्न किरणोत्सारी होत नाही. फक्त बाळाची बाटली त्यात गरम करू नका, वरून कोमट आणि आत जीभ भाजेल इतकं, असं दूध निघतं.

राहिली कणीक. भुतं येतात आणि मुलं हट्टी होतात म्हणे. सकाळी ७.४०ची ठाणे लोकल पकडणाऱ्या घरात रात्रीची कणीक नसेल तर डब्यात बिस्किटं जातील, ते कोणाला दिसत नाही. कणीक काळपट पडते ती कोंड्यातल्या एन्झाइममुळे, कापलेलं वांगं काळं पडतं त्याच कारणाने. गोळ्याला तेलाचा हात लावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, २४ तासांत संपवा, लाटण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. आंबूस वास आला, चिकट झाली तर टाका.

फ्रिजबाबत घाबरायचंच असेल तर त्याच्या बाहेर राहिलेल्या भाताला घाबरा. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही भातात उरतात. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या पातेल्यात ते वाढतात, आणि उलट्या घडवणारं त्यांचं विष सकाळच्या फोडणीने जात नाही. भाताला वासही येत नाही. रात्री उरलेला भात पातेल्यात दाबून ठेवू नका, ताटात पसरा, वाफ गेली की डब्यात भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी फोडणीचा भात करताना सगळीकडून वाफ येईपर्यंत परता. डब्यात देऊन उरून परत आला तर तो तिसऱ्यांदा गरम करायचा नाही.