‘सर्व मोजमापे मर्यादेत आहेत’ या दाव्याचा प्रतिवाद

कारखान्याशेजारचे रहिवासी हवेची माहिती मागू लागले की एक संदेश हमखास फिरू लागतो : चिमणीतून निघते ती निव्वळ वाफ आहे, सर्व मोजमापे मर्यादेत आहेत आणि सविस्तर आकडे खुले केल्यास व्यावसायिक गुपिते फुटून लोक विनाकारण घाबरतील.

वाफेचा मुद्दा लवकर निकालात निघतो. शीतकरण मनोऱ्यातला पांढरा लोट बहुतांशी वाफेचाच असतो, हे खरे. परंतु सल्फर डायऑक्साइड हा वायू किंवा बेंझिन या विषारी रसायनाची वाफ डोळ्यांना दिसतच नाही, आणि झडपा, पाइपांचे जोड व साठवण टाक्या यांतली गळती तर चिमणीपर्यंत जातही नाही.

‘मर्यादेत’ या शब्दाकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण ही मर्यादा बहुधा सरासरीची असते. समजा, सूक्ष्म धूलिकणांचे म्हणजे पीएम २.५ चे प्रमाण एकवीस तास घनमीटरला २० मायक्रोग्रॅम राहिले आणि रात्रीचे तीन तास २०० वर गेले, तर दिवसाची सरासरी ४२.५ भरते, मर्यादा ६० असेल तर अहवाल निर्दोष ठरतो. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली पातळी १५ आहे, हेही विसरता येत नाही.) ज्याला रात्री तीन वाजता घसा खवखवून जाग येते, जो उठून खिडक्या लावतो आणि सकाळी ज्याचे ओले फडके चौकटीवरून फिरवताच काळे होते, त्याला त्या तीन तासांचे आकडे हवे आहेत. म्हणूनच तासागणिक नोंदी, मोजणीयंत्राची जागा, वाऱ्याची दिशा आणि धूळ पकडणारी यंत्रणा बंद असल्याच्या वेळा, एवढे सगळे मागावे लागते. माझ्या मते यांपैकी एकही मागणी अवाजवी नाही.

गुपिताचा आक्षेपही टिकत नाही. माल कसा बनवायचा हे गुपित असू शकते; शेजाऱ्याच्या श्वासात काय जाते, हे असू शकत नाही. पर्यावरणविषयक माहितीच्या हक्कासंबंधीच्या १९९८ च्या आर्हूस करारानुसार पर्यावरणाच्या रक्षणासाठी आवश्यक असलेली उत्सर्जनाची माहिती व्यावसायिक गोपनीयतेच्या सबबीखाली रोखता येत नाही.

राहिला घबराटीचा प्रश्न. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मिथिल आयसोसायनेटची गळती झाली, तेव्हा रुग्णालयांत धावत आलेल्या लोकांवर नेमके काय उपचार करायचे, हे सांगणारी पुरेशी माहिती डॉक्टरांच्याही हाती नव्हती. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून कारखान्यांना विषारी द्रव्यांच्या उत्सर्जनाचा वार्षिक हिशेब जाहीर करणे बंधनकारक केले. पुढे २०१५ च्या नियमाने तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यांना कुंपणालगतचे बेंझिन मोजावे लागते. वार्षिक सरासरी ९ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास कारण शोधून दुरुस्ती करावी लागते, आणि हे आकडे कुंपणापलीकडे राहणारा कोणीही पाहू शकतो.