गावात फ्रॅकिंग आणायचंय? मग हे वाचाच

रात्री बाराला थ्री फेज येणार म्हणून तुम्ही बॅटरी घेऊन शेतात जाता आणि बाराच्या ठोक्याला डीपीवर 'फट्ट' होतं. पुढचे आठ दिवस वर्गणी, डीपी न्यायला ट्रॅक्टरचं भाडं आणि वायरमनची मनधरणी. असं किती दिवस काढायचे? आमचा फुकटचा सल्ला ऐका आणि मराठवाड्यात फ्रॅकिंग आणा, म्हणजे खोलवरचा खडक फोडून गॅस काढा आणि त्यावर वीज करा. अमेरिका गॅसमध्ये न्हाऊन निघाली, आपणच कोणाचं घोडं मारलंय?

कृती सोपी आहे. दोन-तीन किलोमीटर खाली भोक पाडायचं, तिथून आडवं वळायचं, मग पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं कोंबून शेल नावाचा खडक तडकवायचा. त्या फटींतून गॅस वर येतो. भोक पाडण्यात तर आपला हात कोणी धरू शकत नाही. हजार फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला, तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांधावर नारळ फोडून गाडी उभी करणारी माणसं आपण. कायद्याच्या लेखी 60 मीटरच्या पुढची ती 'खोल विहीर'. आपल्याकडे 60 मीटरवर बोअरवाला चहालासुद्धा थांबत नाही.

एक काळजी मात्र घ्या. बैठकीला भूगर्भशास्त्रज्ञ बोलावू नका. भूकंपानंतर या लोकांनी किल्लारीत 617 मीटरचं बोअर घेतलं. त्यात 338 मीटर आपला काळा पाषाण निघाला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर आणि मग थेट अतिप्राचीन कठीण खडक. शेल नाही, गॅस नाही. असली माणसं प्रकल्पाला अपशकुन करतात. देशात शेलचा शोध चालला तो खंबात, दामोदर, कावेरी आणि कृष्णा-गोदावरी या खोऱ्यांत. यातलं शेवटचं नाव उचला. प्रस्तावात 'गोदावरी खोरं' एवढंच लिहा. ते आंध्रच्या किनाऱ्यावरचं की पैठणचं, हे विचारायला फाईल कोण उघडतंय?

आता पाणी. अमेरिकेत एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर लागतं, कुठे कुठे त्याहून कितीतरी जास्त. घाबरू नका. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून लातूरला पाण्याची रेल्वे आलीच होती की! 50 वाघिणींच्या एका खेपेत 25 लाख लिटर. म्हणजे दीड कोटीला फक्त सहा रेल्वे. तेव्हा लातूरकर घागरी घेऊन रांगेत उभे होते, आता खडक उभा राहील. परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून 2013 च्या फेब्रुवारीत बंद पडलं, 2015 च्या जुलैत पुन्हा पडलं, असं कोणी कुरकुरलं तर सांगा की ते जुनं तंत्रज्ञान होतं. मागणीच दांडगी ठेवली की मंत्रालयाला विषयाचं गांभीर्य कळतं.

वाळूची चिंता तर अजिबात नको. फटी उघड्या राहाव्यात म्हणून एकेका विहिरीत हजारो टन वाळू जाते, आणि वाळू हा मराठवाड्यातला एकमेव माल आहे जो मागणी नोंदवायच्या आधी घरपोच येतो. गेवराई घ्या, गंगाखेड घ्या. रात्री दोनला गोदापात्रात जेवढे दिवे दिसतात तेवढे गावात दिवाळीलाही लागत नाहीत. पुढे बिनदिव्याची मोटारसायकल, मागे हायवा, आणि वाटेतल्या प्रत्येक टपरीवर तहसीलची गाडी कुठवर आली याची ताजी खबर. एवढ्या शिस्तीत चालणारी दुसरी यंत्रणा जिल्ह्यात दाखवा. फ्रॅकिंगला बारीक, गोल, कठीण दाण्यांची वाळू लागते म्हणे. लागू दे. आपल्याकडे पावतीवर कसलीही मिळते.

भूकंपाचा मुद्दा निघेल. ऑक्लाहोमात तेल-गॅसच्या विहिरींतलं सांडपाणी जमिनीत खोल सोडलं आणि जमीन हलायला लागली. 2016 च्या सप्टेंबरात तिथे 5.8 चा धक्का बसला. ब्रिटननं 2019 मध्ये हादऱ्यांपायीच फ्रॅकिंग थांबवलं. आपण कशाला कचरायचं? 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीनं 6 च्या वरचा धक्का खाल्लेला आहे, हजारो माणसं गेलेली आहेत. प्रकल्प अहवालात हे 'स्थानिकांना पूर्वानुभव' या सदरात टाका. पुनर्वसनातल्या गावांना रांगा आणि घरं एकसारखी आहेत, त्यामुळे पंचनाम्यालाही सोपं जाईल.

उन्हाचं नाव मात्र चुकूनही काढू नका. मे महिन्यात डोकं फोडणारं ऊन टँकरशिवाय, टेंडरशिवाय, रोजच्या रोज दारात येतं. अशा फुकट्या वस्तूवर कोण भरवसा ठेवेल? शिवाय सौरपंप दिवसा चालतो. रात्री दारं धरायची सवय मोडली तर साप-विंचवांनी कोणाकडे बघायचं?

राहता राहिलं विहिरीतून परत येणारं पाणी. ते खारट, रसायनांनी भरलेलं आणि कुठेतरी न्यावंच लागतं. टँकर तसेही येताना भरून आणि जाताना रिकामे असतात, त्यांतच भरून द्या, खेपांचं बिल दुप्पट निघेल. पुढं उन्हाळ्यात तेच टँकर गावाला पाणी घालतील. आज टाकीत कोणतं आलंय ते तेवढं ड्रायव्हरला विचारून घ्या. गावचाच पोरगा असतो, खोटं सांगणार नाही.