बंकरचे फोटो टाकणाऱ्या मित्रांसाठी

आज सकाळी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने जर्सी बेटावरच्या बंकरचे फोटो टाकले. जर्सी म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या चॅनल बेटांपैकी एक; दुसऱ्या महायुद्धात ही बेटं जर्मनांच्या ताब्यात होती. खाली लिहिलं होतं, 'ऐंशी वर्षं झाली, एक तडा नाही. याला म्हणतात जर्मन इंजिनिअरिंग!' त्यावर अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस. ग्रुपमधले सगळे सिव्हिलवाले. माझं डोकं तेव्हापासून तापलंय.

मी तिथे गेलोय. चुलतबहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्याबरोबर जर्सीला गेलो तेव्हा ग्रेव्ह द लेकला उतरलो होतो. उत्तर किनाऱ्यावरची चिंचोळी, गर्द झाडीची दरी. मधून ओढा, ओढ्याकाठी जुनी पाणचक्की. जर्मनांनी युद्धात ती ताब्यात घेतली आणि सर्चलाइटसाठी तिच्यावर वीज तयार केली. दरी समुद्राला मिळते तिथे काँक्रीट. आत टॉर्च मारला तर भिंतीवर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे ठसे. लाकडाची रेघ न् रेघ, गाठीसुद्धा. दोन फळ्यांच्या फटीतून गळलेली सिमेंटची स्लरी तशीच घट्ट झालेली. भाचीने एका गाठीवर बोट फिरवत विचारलं, "मामा, हे कुणी केलं?" बहीण म्हणाली, "जर्मनांनी." मी तिला तिथेच थांबवलं.

अरे, आपण साइटवर आयुष्य काढलंय! फळी कोण ठोकतो, घमेलं कोण उचलतो, हे आपल्याला कुणी सांगायला हवं?

ऑक्टोबर १९४१ मध्ये हिटलरने चॅनल बेटांच्या कायमच्या तटबंदीचा हुकूम काढला. काम ऑर्गनायझेशन टोट या नाझींच्या बांधकाम संघटनेकडे. मग माणसं आणली. युक्रेन, रशिया, पोलंडमधून उचलून आणलेली, त्यांत मिसरूड न फुटलेली पोरं. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या हातून सुटून फ्रान्समध्ये आलेले त्याचे विरोधक, स्पॅनिश रिपब्लिकन. पाणचट सूप, पायाला चिंध्या आणि वर मार. चॅनल बेटांपैकीच ऑल्डर्नी बेटावर तर या मजुरांच्या चार छावण्या होत्या. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये एकट्या त्या बेटावरच्या मृतांचा आकडा ६४१ ते १,०२७ च्या दरम्यान काढला. त्या गाठीवर भाचीचं बोट होतं, आणि मला दिसत होता तो फळी धरून उभा राहिलेला उपाशी माणूस.

बांधकाम पक्कं आहे, मान्य. दोन-दोन मीटरच्या भिंती आहेत. काही मजुरांना पगारही मिळायचा, तेही खरं. म्हणून टाळ्या वाजवायच्या?

ग्रेव्ह द लेकच्या दरीच्या पश्चिमेला जर्सीचा सेंट ओएन हा भाग. तिथे लुइझा गूल्ड नावाची बाई छोटं दुकान चालवायची. तिचा मुलगा युद्धात मारला गेला होता. छावणीतून पळालेला एक रशियन पोरगा दारात आला, तर तिने त्याला घरात घेतलं, दीडेक वर्ष लपवलं, इंग्रजी शिकवलं. कुणीतरी चुगली केली. पोरगा निसटला, ती माउली १९४५ मध्ये जर्मनीतल्या रावेन्सब्रुक या नाझी छळछावणीच्या गॅस चेंबरमध्ये गेली. हे लिहिताना माझा राग जरा निवलाय. त्या बेटावर कौतुक करायला इतकं काही असताना आपली नजर भिंतीच्या जाडीवरच का अडकते, याचं वाईट मात्र वाटतंय.

मित्रा, तू परत जाणार असशील तर ९ मेला जा. तो जर्सीचा मुक्तिदिन. जर्सीच्या राजधानीत, सेंट हेलियरला, वेस्टमाउंटवर या मजुरांचं स्मारक आहे, तिथे दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात, फुलं वाहतात. पोरांनाही ने.