जांभूळ मध काळपट आणि तुरट का? : आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय वाचला. मागच्या दिवाळीत आमच्या दुकानातून नेलेला मध सोनेरी आणि गोड होता, या जूनमध्ये नेलेला मात्र काळपट आणि घशाला तुरट लागला, असं आपण लिहिलंय. तो पाण्यात लगेच विरघळला म्हणून त्यात गुळाचा पाक असणार, डोंगरातला मध दर वेळी सारखाच हवा आणि बाटलीवरचा ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द म्हणजे चढा भाव लावायची युक्ती, असंही आपलं म्हणणं आहे. एक तारा देणं हा आपला हक्क आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ‘भेसळ’ या शब्दाला उत्तर द्यायलाच हवं. हा मध महाबळेश्वर-जावळीच्या रानात सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्या सांभाळणाऱ्या घरांमधून येतो आणि हा आरोप त्यांच्यावरही होतो.

आपण नेलेल्या दोन बाटल्या दोन वेगळ्या फुलोऱ्यांच्या आहेत. दिवाळीची बाटली पावसाळ्यानंतरच्या मिश्र रानफुलांची होती. जूनची बाटली जांभळाची आहे, लेबलवर तसं लिहिलेलंही आहे. जांभूळ उन्हाळ्यात फुलतं आणि त्याचा मध वळवाच्या आधी काढून घ्यावा लागतो. तो गडद तांबूस असतो आणि गोडव्यामागून किंचित कडसर-तुरट चव येते. ज्यांना ही चव माहीत आहे ते नेमका हाच मध मागतात.

सगळं शेवटी फुलावर येतं. मधात साधारण ८० टक्के साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. रंग, वास, तुरटपणा आणि ज्याला आपण अँटिऑक्सिडंट गुण (ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखण्याचा गुण) म्हणतो तो, हे सगळं त्यापलीकडच्या अगदी थोड्या अंशातून येतं. त्यात फिनॉलिक आम्लं आणि फ्लॅव्होनॉइड असतात. ती मुळात झाडाची असतात आणि मकरंद, पराग यांच्याबरोबर पोळ्यात येतात. झाड बदललं की तीही बदलतात.

‘डोंगरातला’ या शब्दावर मात्र फार भिस्त ठेवू नका, हे मी विक्रेता असूनही सांगतो. महाबळेश्वरचं पठार साडेचार हजार फुटांवर आहे, पण नुसत्या उंचीने मधात काही उतरत नाही. काश्मीरच्या डोंगरात रॉबिनिया नावाच्या झाडाच्या फुलांचा मध निघतो, तो अगदी फिका असतो आणि त्यात फिनॉलिक द्रव्यं कमी असतात. उलट अमेरिकेत सपाट शेतात होणाऱ्या कुट्टूचा मध जवळजवळ काळा असतो. १९९८ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ एकपुष्पी (मुख्यतः एकाच फुलाचे) मध तपासले, तेव्हा अँटिऑक्सिडंट गुणात कुट्टूचा मध सगळ्यात वर आला आणि सगळ्यात खालच्या मधाशी त्याचा फरक जवळपास वीसपट निघाला. गडद मधात हा गुण साधारणपणे जास्त, हेही त्यांना दिसलं. डोंगराचं महत्त्व इतकंच की सह्याद्रीच्या या भागात जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी अशी झाडं-झुडपं अजून टिकून आहेत.

ही तपासणी कशी होते तेही सांगतो, म्हणजे शब्द हवेत राहणार नाही. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं द्रावण गडद जांभळं असतं. त्यात मधाचं पातळ द्रावण मिसळलं की जांभळा रंग उतरून पिवळट होत जातो. किती उतरला हे यंत्रावर मोजतात. जास्त उतरला म्हणजे मधाची अँटिऑक्सिडंट ताकद जास्त.

म्हणून काळा तो चांगला, असंही धरून चालू नका. मध तापवला किंवा वर्षानुवर्षं ठेवला तरी काळवंडतो. त्यासाठी एचएमएफ नावाचा घटक मोजतात. तापवलेल्या आणि जुन्या मधात तो वाढतो आणि आपल्याकडच्या नियमात त्याची कमाल मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. गडद मध घेताना हा आकडा कोणत्याही दुकानदाराला विचारा, आम्हालाही.

आता गुळाचं. गुळात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर असते. सर्वसाधारण मधात सुक्रोज ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. गुळाचा पाक मिसळला तर हा आकडा लगेच बोलतो, शिवाय उसाच्या साखरेतला कार्बन समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) तपासणीत वेगळा ओळखू येतो. याच नियमात कारवीच्या मधाला वेगळी ओळ आहे, त्याला सुक्रोज १० टक्क्यांपर्यंत चालतं. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या आपल्या कारवीची दखल देशाच्या नियमाला घ्यावी लागली, कारण तिचा मधच तसा असतो.

पाण्यात टाकून, काडी पेटवून किंवा कागदावर थेंब ठेवून शुद्धता कळत नाही. दाट पाकही तळाशी बसतो आणि अस्सल मधही ढवळला की विरघळतो. जांभळाचा मध ओळखायची खरी जागा सूक्ष्मदर्शकाखाली आहे. जांभळाचा परागकण बारीक आणि तिकोनी असतो, एकदा पाहिला की विसरत नाही. पराग-तपासणीत एका झाडाचे कण साधारण ४५ टक्क्यांच्या वर असले की तो मध त्या झाडाचा मानतात. या बॅचचा पराग आणि साखर तपासणीचा अहवाल दुकानात आहे, कोणीही मागून वाचावा.

भावाचं कारणही साधं आहे. जांभळाचा मोहर थोडेच आठवडे टिकतो आणि मधेच वळीव आला की मकरंद धुऊन जातो. मधपाळ तेवढ्यातच मध काढतात, तोही चौकटीतली बहुतेक घरं माश्यांनी मेणाने बंद केल्यावर. घाई केली तर मध पातळ राहतो आणि आंबतो. पिलावाकोठीला (जिथे अंडी-पिल्लं असतात त्या खालच्या भागाला) हात न लावता फक्त वरच्या मधकोठीतल्या चौकटी यंत्रात फिरवायच्या, ही इथली शिस्त आहे. त्यात मध कमी मिळतो, पण माश्या जगतात.

आमच्या लेबलवर कोणताही आजार बरा होण्याचं वचन नाही आणि तोंडीही आम्ही देत नाही. अँटिऑक्सिडंट असले तरी चमचाभर मध म्हणजे चमचाभर साखरच. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला कोणताच मध चाटवू नये. आपल्या घरी लहान बाळ आहे असं आपण लिहिलंय, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

शंका राहिली असेल तर त्याच बॅचची सीलबंद बाटली आपण स्वतः निवडा आणि शासनमान्य प्रयोगशाळेत द्या. तपासणीची फी आम्ही भरू, निकाल काहीही आला तरी आपण तो इथेच लिहावा. आणि तुरट चव नकोच असेल तर उरलेली बाटली घेऊन या, बदल्यात मिश्र फुलांचा मध देतो. दिवाळीत नेला होता तसा, पण या हंगामातला. थोडा वेगळा लागेल.