टाकीतलं पाणी जपा

पाण्याचं महत्त्व नाशिककराला शिकवायला नको. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण कसे चवताळून उठतो, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. आणि असे आपण, स्वतःच्या शेडमध्ये रोज तयार होणारं हक्काचं पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाची तोटी, म्हणजे ड्रेन कॉक, उघडून गटारात सोडणार? हात तरी कसा धजावतो? अंबडच्या किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तुमचा प्लॉट असेल आणि कोपऱ्यात हवा दाबून टाकीत भरणारा २५ एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर घरघरत असेल, तर तुम्ही एका छोट्या धरणाचे मालक आहात. फक्त सातबाऱ्यावर तशी नोंद नाही.

विश्वास बसत नसेल तर हिशेब करू. पावसाळ्याचे दिवस, शेडमध्ये ३० अंश तापमान, हवेत ८० टक्के आर्द्रता. अशा एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफ होऊन तरंगत असतं. १०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाला १७० घनमीटर हवा ओढतो, म्हणजे हवेबरोबर ४ लिटर पाणी पितो. ७ बारला दाबल्यावर हवा आठव्या हिश्श्यात मावते. हवा दबते हो, पाणी कुठे दबतंय? स्क्रूमधून निघताना हवा ८०-९० अंशांवर असते तोवर ती वाफ गप्प बसते. कूलरमधून ३५ अंशांवर आली की त्या चारातलं सव्वातीन लिटर पाणी होऊन खाली बसतं. आठ तासांची शिफ्ट सलग लोडवर चालली की पंचवीस लिटर. दोन बादल्या! पाणीपट्टी नाही, टँकर नाही, मीटर नाही.

आता हे पाणी राखायचं कसं? पहिलं म्हणजे टाकीची जागा. ड्रेन कॉक भिंतीकडे आला पाहिजे आणि त्याच्यासमोर जुने पॅलेट, फुटकी ट्रॉली आणि गेल्या दिवाळीतल्या मिठाईची रिकामी खोकी रचून ठेवायची. मग कोण झक मारायला वाकतंय? तरीही एखादा नवा पोरगा उत्साहाने वाकतोच. आमच्या ओळखीच्या एका शेडमध्ये असा एकाने कॉक उघडला. आधी आत काहीतरी खाकरल्यासारखं झालं, मग गंजाचा गाळ पडला, मग कटिंग चहाच्या रंगाची धार लागली आणि शेवटी तेल फेटलेलं दुधट पाणी. धार थांबेपर्यंत त्याचा चहा गार झाला. सुपरवायझर त्याला म्हणाला, "अरे, फरशी कोण पुसणार?" पोरगा शहाणा झाला, परत वाकला नाही.

ऑटो ड्रेन, म्हणजे आपोआप पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, बसवला असेल तरी घाबरू नका. टायमरवाला असेल तर तो जानेवारीत सेट करायचा आणि जुलैत त्याच्याकडे बघायचं नाही. निफाडला पारा एक आकडी होतो त्या दिवसांत हवेत पाणीच कमी, तेव्हा पंधरा मिनिटांनी दोन सेकंद उघडणं पुष्कळ होतं. इगतपुरीकडून ढग उतरल्यावर तेवढ्याने काय होणार? पण सेटिंगला हात लावणं म्हणजे व्हेंडरला फोन आला, फोन म्हणजे व्हिजिट चार्ज आला. त्याची जाळी गाळाने बुजली तर उत्तमच. वरचा हिरवा दिवा लागलेला असतो, ऑडिटरला तेवढा पुरतो.

काही अतिशहाणे लोक कॉक कायमचा किंचित उघडा ठेवतात आणि पाण्याची कटकट मिटली म्हणतात. यांना मी मानतो. ३ मिलिमीटरच्या भोकातून ७ बारला वीसेक सीएफएम हवा निघून जाते, म्हणजे कॉम्प्रेसरचा पाचवा हिस्सा दिवसरात्र फुसफुसत कंपाउंडबाहेर. वर हेच गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत ट्यूबलाइट बंद करायला ओरडतात.

हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं काय, असं विचाराल. घ्या ना, जरूर घ्या. रेफ्रिजरेशन ड्रायर दाबाखालची हवा ३ अंशांपर्यंत गार करतो आणि तिथेच पाणी काढून टाकतो, ही त्याची वाईट खोड आहे. पण माणसासारखंच त्यालाही मोडता येतं. कॅटलॉगमधली त्याची ताकद बहुधा ३५ अंशांची हवा आत येईल असं धरून लिहिलेली असते. तो कॉम्प्रेसरच्या गरम झोताच्या तोंडावर ठेवा, कंडेन्सरच्या पत्र्यांवर ग्राइंडिंगची धूळ चढू द्या, खिडकी बंद करा. आत ५० अंशांची हवा शिरली की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. मे महिन्यात तो ट्रिप होतोच. मग हवेला ड्रायर टाळून पुढे सोडणारा बायपास व्हॉल्व्ह उघडायचा, "उद्या बघू" म्हणायचं. तो उद्या आमच्या एका मित्राकडे दोन पावसाळे चाललाय.

पाइपलाइनचं फार सांगत बसत नाही. उतार देऊ नका, पाइप जीआयचाच, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचाच टाका, म्हणजे आतून गंजही मिळेल. आणि मशीनला जाणारा फाटा मेन लाइनच्या पोटातून काढा. चुकूनही वरून काढून हंसाच्या मानेसारखा वळवू नका, नाहीतर पाणी मेन लाइनमध्येच राहील आणि मशीनमधल्या बिचाऱ्या हवेच्या सिलिंडरला घोटभरही मिळणार नाही.

एवढं सगळं नीट जमलं की पाणी आपोआप खाली वाहतं. धरणाचा नियमच आहे तो. हवा सोडणारे-अडवणारे विजेचे व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, अडकतात, सिलिंडर सकाळी आळस देत देत पुढे येतो. गोदावरीला पूर किती, ते आपण दुतोंड्या मारुतीवरून ओळखतो, तसा शेडमधला पूर मशीनआधी हवा गाळणाऱ्या एफआरएलच्या वाटीवरून ओळखायचा. पाणी वाटीच्या गळ्याशी आलं की ते पुढे पेंट शॉपमध्ये पोचलंच म्हणून समजा. तिथे स्प्रे गनमधून रंगाबरोबर पाणी-तेलाचे बारीक थेंब उडतात आणि प्रत्येक थेंबापाशी रंग अंग चोरतो. पॅनलवर डोळे डोळे उमटतात. नाशिकला रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारलेल्याचा रंग आठवडाभर निघत नाही, इथे ओव्हनमधून काढल्यावरसुद्धा धड धरत नाही.

रिजेक्शनचा ढीग लागला की मीटिंग घ्या. हा भाग मला सगळ्यात आवडतो. पेंटर मामांना बोलवायचं. वीस वर्षं गन धरलेला माणूस सांगतो, "साहेब, एअरला पाणी येतंय." आपण मान हलवायची आणि विचारायचं, "पण मामा, सरफेस नीट पुसला होता का?" मग रंग कंपनीला मेल, थिनरवाल्याला मेल, मामांना मेमो, आणि फळ्यावर 'मूळ कारण: कामगाराचा निष्काळजीपणा'. 'का' पाच वेळा विचारायची पद्धत असते ना, त्यातला दुसरा 'का' टाकीपर्यंत पोचतो. म्हणून पहिल्यालाच थांबायचं.

कधी नाइलाजाने टाकी रिकामी करावीच लागली तर ते दुधट, तेलकट पाणी थेट नासर्डीच्या दिशेने सोडा. तेल-पाणी वेगळं करायचं यंत्र मिळतं म्हणतात. नदी मिळत असताना यंत्र कशाला?

आणि वर्षातून एकदा तरी टाकीपाशी जावं, इतके काही आपण कृतघ्न नाही. खंडेनवमीला शेठ स्वतः येतात, खोकी बाजूला होतात, टाकीला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. झेंडूचा हार अडकवायला टाकीवर दुसरं काही सापडत नाही, म्हणून तो ड्रेन कॉकच्या दांड्यालाच बांधतात. देवाचा हार. तो सुकून गळून पडेपर्यंत कोणी त्या दांड्याला हात लावत नाही.