बॉट कोणाला म्हणता?

फोनवरच्या बंदुकींच्या गेममध्ये सातवीतल्या पोराला "ये तो बॉट है" (म्हणजे माणूस नाही, कॉम्प्युटरनं चालवलेला कच्चा खेळाडू) म्हणून स्क्वाडमधून काढून टाकतात, आणि कारण काय, तर त्याच्या बंदुकीला स्किन, म्हणजे विकतची सजावट, नाही. डोकं फिरलंय माझं. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तर वाचा.

आज ताईकडे गेलो होतो. भाचा हेडफोन गळ्यात अडकवून बसलेला, तोंड एवढंसं. आधी "काही नाही मामा", मग हळूहळू बोलला. वर्गातली तीन पोरं, चौथा हा. लॉबीत, म्हणजे मॅचआधी सगळे जमतात त्या स्क्रीनवर, त्या तिघांची कॅरेक्टर्स चमकत उभी, पंख काय, चिलखत काय. ह्याच्या अंगावर फुकटचा शर्ट. मॅच सुरू व्हायच्या आधीच काढला त्याला. मी खेळलोय त्याच्याबरोबर, नेम चांगला आहे पोराचा. पण नेम बघायला मॅच तर सुरू व्हायला हवी ना!

आपण काउंटर-स्ट्राइक 1.6 हा बंदुकींचा जुना गेम खेळलेली माणसं. सायबर कॅफेत कोण कोणाच्या गाडीवरून आलंय, कोणाचा बाप काय करतो, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. पहिल्या राउंडला सगळ्यांच्या खिशात तेच 800 डॉलर. एके रायफल 2500 ची, एडब्ल्यूपी स्नायपर 4750 ची, आणि ते पैसे खेळूनच कमवायचे. हरणाऱ्या टीमलाही पुढच्या राउंडसाठी पैसे मिळायचे, लागोपाठ हरलात तर जरा जास्तच. एखाद्याकडे काहीच नसलं तर शेजारचा स्वतः एके घेऊन जी बटण दाबून त्याच्यापुढे टाकायचा. नवीन पोराला शिव्या पडायच्या, भरपूर पडायच्या, पण त्या खेळावरून.

अनलॉक करण्याला माझा विरोध नाही, हेही सांगतो. 2007 मध्ये मॉडर्न वॉरफेअर हा गेम आला तेव्हा आपणच वेडे झालो होतो. लेव्हल 55 पर्यंत चढायचं, एकेक बंदूक उघडत जायची. सोनेरी एके हवी तर असॉल्ट रायफलची सगळी चॅलेंजेस पुरी करा, दुसरा रस्ताच नाही. कोणाच्या हातात ती दिसली की कळायचं, गड्यानं घाम गाळलाय. नवख्याला त्यात मार बसायचा, मान्य. पण आज सोनेरी बंदूक दिसली की एवढंच कळतं की कोणाचं तरी कार्ड जोडलेलं आहे.

आणि ती वस्तू सरळ विकत देत असते तरी मी गप्प बसलो असतो! किंमत लावा, परवडेल तो घेईल. पण नाही. भाच्याच्या वाढदिवसाला आजीनं पैसे दिले होते, ते सगळे क्रेटमध्ये, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर अशा पेटीत, गेले. कसं उघडतात ते त्यानं मला दाखवलं. पेटी थरथरते, कडेनं उजेड फुटतो, चित्रं सरसर सरकायला लागतात, हळू होतात, हवी असलेली बंदूक अगदी मधोमध येते आणि एक घर पुढे सरकून थांबते. हातात काय, तर पॅराशूटचा रंग. तोही त्याच्याकडे आधीच होता. पोर रडलं नाही. मला म्हणालं, "मामा, एवढे उघडलेत ना, आता येईलच." हे वाक्य मी आकडा लावणाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. पण मटक्यात आकडा लागला तर निदान रोख हातात पडते.

यावर कोणीतरी म्हणेलच, स्किननं बंदुकीची ताकद वाढत नाही, नुसती शोभा आहे. बहुतेक ठिकाणी खरं आहे ते. गेम फुकट आहे, सर्व्हरचा खर्च कुठून तरी निघायला हवा, हेही खरं. पण बारा वर्षांच्या पोराला वर्गात काय शोभतं आणि काय नाही, हे तुम्हाला आठवत नाही का? कंपन्यांना नेमकं तेच आठवतं. मॅचआधीची ती लॉबी उगाच केलेली नाही. एकमेकांचे कपडे दिसावेत म्हणूनच सगळ्यांना तिथे ओळीनं उभं करतात.

बोललं की फरक पडतो, हे आपण पाहिलंय. नोव्हेंबर 2017 मध्ये बॅटलफ्रंट 2 या स्टार वॉर्सच्या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र उघडायला 60,000 क्रेडिट्स (गेममधले पैसे) असा भाव ठेवला होता, तोही पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये. लोकांनी असा गदारोळ केला की ईए कंपनीनं तो 15,000 वर आणला आणि रिलीजच्या तोंडावर गेममधली पैशाची खरेदीच थांबवली. चीननं त्याच वर्षी अशा पेट्यांतून काय निघायची किती शक्यता ते जाहीर करायची सक्ती केली, म्हणून कळलं की नव्या काउंटर-स्ट्राइकच्या केसमधून (तीही क्रेटच) चाकूसारखी दुर्मीळ वस्तू निघायची शक्यता 0.26 टक्के. म्हणजे सरासरी 385 केसेसमागे एक. प्रत्येक केसला किल्ली वेगळी विकत घ्यायची. बेल्जियमनं 2018 मध्ये सरळ सांगितलं, पैसे घेऊन असे बॉक्स विकणं हा जुगार आहे. ओव्हरवॉच या गेमला तिथे ती विक्री बंद करावी लागली.

आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पैसे लावून रमी खेळणारे काका त्यात आले. हे क्रेट मात्र आजही पोरांच्या फोनवर सुखेनैव उघडतायत.

"आईबापांनी लक्ष द्यावं" म्हणणाऱ्यांनो, माझी ताई लक्ष देते. पासवर्ड तिच्याकडे आहे, विचारल्याशिवाय एक रुपया जात नाही. ह्यानं विचारूनच खर्च केला. तिला वाटलं, बंदुकीचे पैसे देतोय. पॅराशूटच्या रंगाचे देतोय हे तिला स्क्रीनवर कुठे मोठ्या अक्षरांत सांगितलं होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. अठराखालच्या पोरांना क्रेट विकूच नका. ज्याला स्किन हवी त्याच्यापुढे ती स्किन ठेवा, खाली रुपयांत किंमत लिहा. गेममधले हिरे नकोत, नाणी नकोत, रुपये. मग ताई बघून ठरवेल, घ्यायची की नाही.